सासऱ्याची गोफण आणि साडूची मंजनीक

आमचे सासरे वारले तेव्हा त्यांची गोफण थोरल्या जावयाच्या घरी गेली. जमीन मेव्हण्यांनी वाटून घेतली, ती त्यांचीच होती. म्हैस, गाडी, भांडीकुंडी कुणी काय नेलं ते मला आज आठवतही नाही. पण गोफण माझ्या घरी यायला पाहिजे होती. हे मी तेव्हा बोललो, अजून बोलतो, आणि आता लिहूनही ठेवतो. शाळा मी चौथीच्या आतच सोडली. मला कुणी काढलं नव्हतं, मीच सोडली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर वाचणाऱ्यानं आपल्या मनात नीट करून घ्यावं. मी परत लिहिणार नाही.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचो. त्यांचं गाव कर्जतच्या अंगाला, काळ्या रानाचं. हिवाळ्यात ज्वारीची कणसं भरायला लागली की पाखरांची धाड यायची. मग रानाच्या मध्यावर चार मेढी रोवून माळा बांधायचा आणि गोफण घेऊन त्याच्यावर उभं राहायचं. लग्न झाल्यावर पहिल्याच हंगामात मी तिकडं राहायला गेलो. आमच्या पारनेरच्या माळरानावर ज्वारी गुडघ्या-मांडीला लागायची. मामांच्या रानात माणूस शिरला की दिसायचा नाही. मामा झोळीत दगड ठेवायचे, डोक्यावरून गोफण फिरवायचे आणि सुटी दोरी सोडून द्यायचे. फाट्कन आवाज व्हायचा. दगड कुठं गेला ते कळायचं नाही, पण रानाच्या पार त्या टोकाचा थवा चादर झटकल्यासारखा उठायचा.

मला ते जमलं. दोन दिवस खांदा दुखला, मग हात बसला. मामांनी मला गोफण विणायलाही शिकवलं. अंबाडीच्या सालीचा वाख भिजवायचा, मांडीवर वळायचा, तीन पेडांनी विणत यायचं, मधे झोळीला रुंद करायचं आणि पुढं परत निमुळतं करत न्यायचं. एका टोकाला बोट अडकवायचा फास, दुसरं टोक सुटं. मामा बोलायचे कमी. "दोऱ्या मापाच्या नसल्या की दगड आपलं ऐकत न्हाई," एवढंच म्हणाले.

थोरला जावई म्हणजे माझा साडू. सोनईचा. उसाच्या ट्रॉल्या तयार करायचं त्याचं वर्कशॉप. त्याच हंगामात तो फटफटीवर बसून, गॉगल लावून सासुरवाडीला आला. माळ्यावर चढला आणि म्हणाला, "आना हिकडं, त्यात काय हाय?" गोफण फिरवली अशी की मी आणि मामा दोघं खाली बसलो. दगड पुढं गेलाच नाही. मागं गेला आणि माळ्याखाली ठेवलेलं पाण्याचं मडकं फुटलं. मामा खापऱ्या गोळा करायला खाली उतरले. मी मात्र हसलो होतो आणि साडूनं ते बघितलं होतं.

आता सांगा, गोफण कुणाला मिळायला पाहिजे होती?

मामा गेल्यावर मी बायकोला तेच विचारलं. ती म्हणाली, "आबांची वस्तू, आबांनी दिली. तुमी का जळताय?" मी जळत नव्हतो. मी न्याय मागत होतो. पण बायकोच्या माहेरी तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा म्हणजे दाजी, आणि दाजींच्या पुढं न्याय चालत नाही. दाजींचं घर स्लॅबचं. दाजींना पाटाचं पाणी. दाजी आक्काला घेऊन विमानात बसले. आमच्या घरात भाजीत मीठ कमी पडलं तरी दाजींचं नाव निघतं, कारण दाजी कसे जेवणाला कधी नावं ठेवत नाहीत.

मागच्या दिवाळीत बायको ओट्यावर मोबाईल घेऊन बसली होती. आक्कानं काहीतरी पाठवलं होतं. तेच तेच परत लावून बघत होती आणि तोंडावर हात ठेवून "अगं बाई" म्हणत होती.

"काय हाय एवढं?"

"दाजींनी यंत्र केलंय. जुन्या काळी किल्ला फोडायला वापरायचे तसलं. बघा तरी."

"मला न्हाई बघायचं."

"दगड बघा किती लांब गेला! आन हे सगळं ह्या वयात. तुमी काय केलं एवढ्यात?"

"मी ज्वारी पेरली."

"ती तर सगळेच पेरतात," ती म्हणाली आणि परत लावलं.

मी चष्मा घालून तिच्या खांद्यावरून बघितलं, उगीच जाता जाता बघावं तसं. लोखंडाचा एक मोठा सांगाडा होता. त्याच्यावर एक लांब दांडा, आणि दांड्याच्या शेंड्याला दोरीची झोळी लोंबत होती. बायकोला म्हटलं, थांबव. तिनं थांबवलं. झोळीच्या कडेनं काळा पेड विणलेला होता. मामा शेवटच्या विणीत शेळीच्या केसाचा एक काळा पेड घालायचे, पाऊस लागला तरी कड सुटू नये म्हणून. आमच्या भागात दुसरं कुणी तसं करत नव्हतं.

माझ्या मामांची गोफण त्यानं लोखंडाच्या दांड्याला बांधली होती.

"आपन सोनईला जायचं," मी म्हणालो.

बायको माझ्याकडं बघतच राहिली. किती वर्षं ती मला तिकडं मुक्कामाला चला म्हणत होती आणि मी गेलो नव्हतो. "बरं वाटतंय ना तुमाला?" तिनं विचारलं.

सोनईच्या पोरांनी गावच्या मैदानात मातीचा भला मोठा किल्ला केला होता. दिवाळीत पोरं दारोदार किल्ला करतात, हळीव पेरून हिरवळ आणतात, वर मावळे ठेवतात. तुळशीचं लग्न लागलं की किल्ला मोडायचा. आमच्याकडं सुतळी बॉम्ब लावून उडवतात. सोनईच्या मंडळानं या वेळी ठरवलं होतं की किल्ला साडूच्या यंत्रानं पाडायचा. आदल्या दिवशी रंगीत तालीम होती. त्या दिवशीच आम्ही पोचलो.

नगरला एसटी बदलली. घोडेगाव मागं पडलं तसा दोन्ही बाजूनं ऊस सुरू झाला. आमच्याकडं बांधावरची बाभळ हिरवी दिसली तर माणूस थांबून बघतो. इथं रस्त्याच्या कडेची गटारंसुद्धा हिरवी. उसाच्या ट्रॉल्यांमागं एसटी रांगत होती आणि बायको प्रत्येक ट्रॉली बघून म्हणत होती, "ही दाजींच्याकडची असंल." मी म्हटलं, "ट्रॉलीला काय तोंड असतं व्हय वळखायला?"

साडू दारातच उभा होता. माझ्याच वयाचा, पण केस काळे केलेले. "या पाव्हणं! एवढ्या वर्षांनी वाट कशी वाकडी केली?"

"बघावं म्हटलं, ट्रॉल्या इकायचं सोडून काय खेळणं केलंय ते."

"खेळनं?" तो हसला. "चला दाखवतो."

चहा न पिताच तो मला मैदानात घेऊन गेला. आता यंत्राबद्दल सांगतो, कारण वाचणाऱ्याला ते कळायला पाहिजे. मला आवडलं म्हणून सांगत नाही.

दोन उभे लोखंडी घोडे, म्हणजे आधाराच्या चौकटी, आणि त्यांच्यावर आडवा कणा. कण्यात एक लांब पाइप बसवलेला, पण मधोमध नाही. एक बाजू आखूड, दुसरी तिच्या चौपट लांब. आखूड टोकाला लोखंडी पेटी टांगलेली, तिच्यात दगड आणि ट्रॉलीचे मोडके पाटे भरलेले. लांब टोक दोर लावून खाली ओढायचं आणि खिट्टीत अडकवायचं, म्हणजे पेटी वर चढते. खिट्टी उपसली की पेटी धाडकन खाली येते आणि लांब टोक वर उसळतं. त्या टोकाला गोफण. तिची एक दोरी पाइपाला पक्की बांधलेली, दुसऱ्या दोरीला कडी, आणि ती कडी पाइपाच्या शेंड्याच्या आकड्यात नुसती अडकवलेली. पाइप वर जाताना गोफण त्याच्यामागनं फिरत येते, वर आली की कडी आकड्यावरून घसरते आणि दगड सुटतो. माणसाचा दंड, मनगट आणि बोट ही तिन्ही कामं लोखंडाकडून करून घेतली होती. मला राग आला तो याचाच. मी खांदा दुखवून जे शिकलो ते त्यानं वेल्डिंग करून उभं केलं होतं.

मी चुका शोधायला लागलो. "पेटी पक्की का न्हाई केली? लोंबकळतीय."

"पक्की केली हुती आधी. मग ती पाइपासंगं गोल फिरते, हिसका देते, सगळं यंत्र उड्या मारतं. टांगली की सरळ खाली पडते. समदं वजन कामाला येतं."

"आन खाली चाकं कशाला? मारताना पळंल की."

"पळायलाच पाहिजे. थोडं पुढं सरकतं, त्याचा जोर दगडाला मिळतो."

"दगड कुठंयत? हे तर शिमिटाचे गोळे."

"एका साच्यातले. वजन एक तर पडायची जागा एक. भिंत फोडायची म्हंजे त्याच जागी परत परत हाणायला लागतं. त्या काळी पाथरवट असायचे फौजेत, निसते गोळे घडवायला."

प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडं उत्तर होतं आणि ते बरोबर होतं. बायको आणि आक्का मागं येऊन उभ्या होत्या. बायको म्हणाली, "दाजी, किती बारीक इचार केलाय!" मी तिच्याकडं बघितलं. मी विहिरीवर रहाट बसवला तेव्हा ती म्हणाली होती, "करकरतोय."

मग मी गोफणीला हात लावला. माझी बोटं काळी झाली. सगळ्या गोफणीला ग्रीस फासलेलं होतं.

"हे काय?"

"वंगन. दोरी वाळली हुती, कडक झाली हुती. नरम पडली बघा."

माझ्या तोंडात शिवी आली होती. वाखाच्या गोफणीला कुणी ग्रीस लावतं? वाळली तर पाणी शिंपडायचं, सावलीत ठेवायचं. पण वर्कशॉपच्या माणसाला जगातली प्रत्येक वस्तू बेअरिंगसारखी दिसते. कडीची गाठ मी दाबून बघितली. घट्ट होती, पण बोटाखाली बुळबुळत होती. मला ते कळलं. मी बोललो नाही. त्यानं मला विचारलं कुठं होतं?

दुपारी तालीम सुरू झाली. साडूनं माईक घेतला. तालमीलाही माईक! बसायला खुर्च्या होत्या आणि पहिल्या रांगेत माझी बायको.

तो सांगायला लागला. गावातल्या एका इतिहासाच्या प्राध्यापकाकडं महिनाभर बसून तो हे शिकला होता. असली यंत्रं लई जुनी, आधी पेटी नव्हतीच. आखूड टोकाला दोऱ्या बांधायच्या आणि पुष्कळ माणसांनी एका हुकमावर खाली ओढायचं. एकानं जरी मागंपुढं केलं की नेम गेला. मी मनात म्हटलं, मोट हाकताना दोन बैलांचं जमत नाही, इतक्या माणसांचं काय जमणार. पलीकडं ग्रीक आणि रोमन लोकांनी दुसरीच तऱ्हा काढली होती. जनावरांच्या स्नायूंच्या नाहीतर केसांच्या जाड दोरांना पीळ द्यायचा आणि त्या पिळात दांडा घालायचा. दांडा सोडला की पीळ उलगडताना फेकतो. सुताराच्या चौकटीच्या करवतीला दोरी पिळून ताण देतात, तोच पीळ. पण दोर ओलसर झाला की जोर जातो. मग हे पेटीचं आलं. माणसांची ओढ कमीजास्त होते, वजनाची होत नाही. याला मंजनीक म्हणायचे. दिल्लीच्या फौजा दक्षिणेत उतरल्या तेव्हा त्यांच्याजवळ ती होती. भिंतीवर गोळे टाकायचे, आत पेटती मडकी टाकायचे, कुठं कुठं मेलेली जनावरंसुद्धा टाकायचे, आत रोगराई व्हावी म्हणून. आणि किल्ल्यातले लोकही आतून तसलंच यंत्र लावून उलट मारायचे.

"आन मग तोफ आली," साडू म्हणाला. "तोफेपुढं हे मोडीत निघालं. आपला नगरचा किल्ला बघा. गोल हाय, बुटका हाय, भवतीनं खंदक हाय. तो तोफांच्या काळातला. उंच भिंत तोफेला आयतीच घावते."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नगरच्या किल्ल्यावरून मी शंभरदा गेलो असेन. तो बुटका का हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आता सांगितलं ते यानं. शेजारी बसलेला एक म्हातारा मला म्हणाला, "लई हुशार मानूस." मी म्हटलं, "मोबाईलवर समदं असतं."

साडूनं गोळा झोळीत ठेवला, सगळ्यांना लांब केलं आणि खिट्टीची दोरी ओढली.

पेटी खाली आली. पाइप उसळला. आणि अर्ध्या वाटेतच कडीची गाठ सुटली, ग्रीसमधून निघाली. गोळा पुढं गेलाच नाही. तो वर आणि मागं गेला, लोक हातानं डोकं झाकून पळाले, आणि मंडपामागं ठेवलेल्या पाण्याच्या निळ्या टाकीत तो शिरला. टाकीतून पाणी भळाभळा वाहायला लागलं. सुटलेली दोरी पाइपासंगं जोरात फिरली, घोड्याच्या कडेला अडकली आणि गोफण झोळीपाशी फाटली.

मला हसू आलं. मामांचं फुटलेलं मडकं मला समोर दिसलं. बायकोनं पहिल्या रांगेतून वळून माझ्याकडं असं बघितलं की मी खोकल्याचं सोंग केलं. पण साडूनं बघितलं होतं. या वेळीही बघितलं होतं.

गर्दी पांगली. मंडळाची पोरं टाकीला चिंध्या लावत बसली. उद्या सकाळी सगळा गाव जमणार होता, बाहेरचे पाहुणे येणार होते. साडूनं नायलॉनचा दोर लावून बघितला. नायलॉन ताणला जातो, कडी वेळेवर सुटेना. गोळा समोर दहा पावलांवर मातीत गाडला गेला. ट्रॉलीचा पट्टा लावला, तो जड पडला. मी झाडाखाली खुर्ची टाकून सगळं बघत होतो. मला त्या दिवशी चहा फार गोड लागला.

ऊन उतरायला लागलं तसा तो स्वतः आला. हातात दोन कप. एक मला दिला आणि खाली जमिनीवर बसला.

"पाव्हणं, गोफण इनून द्या."

"मी? मी तर खेळनं बघायला आलोय."

"टोमने मारा, आज तुमचा दिवस हाय. पन इनून द्या. तुमच्याशिवाय कुनाला येत न्हाई."

"देतो. जुनी मला द्यायची."

तो उठून उभा राहिला. "ती न्हाई मिळायची."

"फाटलेली हाय."

"फाटू दे. कार्यक्रम रद्द करीन, गोफण देनार न्हाई."

"कशासाठी पायजे तुमाला? मारता येत न्हाई, राखता येत न्हाई, वर ग्रीस लावलं!"

"मारता येत न्हाई म्हनूनच!" तो ओरडला. तिकडं आक्का आणि बायको बोलायच्या थांबल्या. मग त्यानं आवाज खाली आणला. "माळ्यावर तुमी हसला हुता. मामा बोलले न्हाईत, पन त्या दिसापासून मला म्हनायचे, धाकट्याचा हात बघा. धाकट्याची इन बघा. प्रत्येक सनाला तेच. मला हातानं आलं न्हाई, म्हनून हे लोखंडाचं केलं. कळलं?"

मामा असं म्हणत होते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"मग मामांनी गोफण तुमाला का दिली?" मी विचारलं.

"त्यांनाच इचारलं हुतं मी. म्हनले, धाकट्याला इनता येती, त्याला काय कमी? तुमाला येत न्हाई, तुमी घ्या."

"आन हे तुमी इतकी वर्षं पोटात ठिवलं?"

"सांगितलं असतं तर हातात गोफण माझ्या आन मान तुमचा. मग माझ्याकडं काय ऱ्हायलं असतं?"

हे ऐकून माझं मन निवायला पाहिजे होतं. वाचणाऱ्यालाही तसं वाटत असेल. पण मला वाटलं, मामा माझी एवढी तारीफ करत होते आणि ती सगळी यानं ऐकली. माझ्या वाट्याची तारीफ इतकी वर्षं याच्या कानात पडून राहिली. मी म्हणालो, "जुनी दिली तर इनतो. न्हाई तर सहाची गाडी हाय."

त्यानं एकदा किल्ल्याकडं बघितलं. मग गेला आणि फाटलेली गोफण पिशवीत घालून घेऊन आला. माझ्या मांडीवर टाकली.

आक्काच्या घरात पोटमाळ्यावर अंबाडीचा जुना दोर होता. तो सोडवला, वाख भिजवला आणि ओट्यावर बसून विणायला घेतलं. दिवस मावळेपर्यंत एक दोरी झाली आणि झोळी. बायको शेजारी वाख पिंजून देत होती, तिचं तिलाही कळलं नाही इतक्या सहज; माहेरी तिनं ते लहानपणी केलेलं. शेळीचे केस आक्कानं शेजारच्या वाड्यातून मागून आणले.

सकाळी दुसरी दोरी राहिली होती. ती विणताना माझ्या मनात आलं की वीतभर आखूड करावी. कुणाला दिसणार नाही. कडी लवकर सुटेल आणि गोळा उंच जाऊन किल्ल्याच्या अलीकडं पडेल. साडू माईक धरून उभा राहील. मी दोरी आखूड धरून गाठ मारायलाही घेतली. मग म्हटलं, लोक काय म्हणतील? यंत्र चांगलं होतं, गोफण वाईट निघाली. आणि ती कुणी विणली, तर पारनेरच्या पाव्हण्यानं. मी वीतभर परत विणलं आणि मापानं गाठ मारली. त्याच्यासाठी नाही.

मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. पहिला गोळा गेला तो फार उंच गेला आणि किल्ल्याच्या पायथ्याशी पडला. लोक "अरेरे" म्हणाले. साडू पाइपाच्या शेंड्याशी गेला, आकडा घणानं थोडासा आणखी वाकवला, म्हणजे कडी जरा उशिरा घसरेल. ते त्याला बरोबर ठाऊक होतं. दुसरा गोळा सुटला तेव्हा गोफणीचा फाट्कन आवाज झाला. मामांच्या रानातला आवाज. गोळा सपाट गेला आणि बुरुजाच्या पोटात बसला. माती कारंज्यासारखी उडाली. तिसरा त्याच भगदाडात. सगळा बुरूज मावळ्यांसकट खाली बसला.

पोरांनी साडूला खांद्यावर घेतलं. खांद्यावरूनच त्यानं माईक मागितला आणि म्हणाला, "यंत्र माझं हाय, पन ही गोफण आमच्या पाव्हण्यांनी इनली. काल हे नसते तर आज किल्ला उभाच राहिला असता. टाळ्या त्यांना." सगळ्या मैदानानं माझ्याकडं बघून टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले. आत मात्र म्हणत होतो, मोठेपणासुद्धा त्यानंच घेतला बघ. मला नाव द्यायचं तेही पोरांच्या खांद्यावर बसून.

परतीच्या एसटीत मी पिशवी उघडली. मामांची गोफण ग्रीसनं काळी पडलेली, झोळीपाशी फाटलेली. कड तेवढी शाबूत होती. मी बोटानं वीण चाचपली आणि मला दिसलं की मामांची वीण झोळीजवळ जरा सैल होती. माझी कालची तशी नव्हती. माझ्या हातून आजवर इतकी घट्ट, इतकी मापाची गोफण झाली नव्हती. आणि आता या हातांनी परत होणारही नाही, काल बोटं किती दुखली ते मलाच माहीत.

घोडेगाव आलं. ऊस संपला.

"मिळाली ना शेवटी?" बायको म्हणाली. "झालं समाधान?"

"नवी त्याच्याकडं ऱ्हायली."

"म्हंजे?"

"चांगली ती. त्याच्या यंत्राला बांधलीय. आता ती रोज फिरवंल, लोकास्नी दाखवंल, आन परत ग्रीस लावंल तिला."

बायकोनं माझ्याकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अवो, ती तुमीच इनलीय ना?"

"म्हनूनच तर," मी म्हणालो.